'जर'च्या पुढचं

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा एकदा स्पार्टा अवतरलं, म्हणजे मोजक्या, झोंबऱ्या उत्तरांसाठी प्रसिद्ध असलेलं प्राचीन ग्रीक शहर. टीव्हीवरच्या चर्चेत कुणीतरी विचारलं, टँकर कमी का पडतायत? प्रवक्ते म्हणाले, "तहान तुम्हाला सत्तेची लागलीय." बारा सेकंदांची क्लिप. दादाने खाली लिहिलं, "याला म्हणतात स्पार्टन उत्तर! तू तर तिथेच राहतोस."

राहतो अथेन्सला. स्पार्टीला, म्हणजे आजच्या स्पार्टाला, बसने जाऊन आलोय. तिथे स्टेडियमसमोर स्पार्टाचा राजा लिओनायडास याचा पुतळा आहे, त्यावर दोनच शब्द: 'मोलोन लावे'. ये आणि घे. थर्मोपिलीच्या लढाईत शस्त्रं मागणाऱ्या इराणी सम्राट झर्क्सिसला दिलेलं म्हणे हे उत्तर. 'म्हणे' अशासाठी, की सांगणारा ग्रीक लेखक प्लुटार्क थर्मोपिलीनंतर पाचशेहून जास्त वर्षांनी झाला.

दादाचा लाडका किस्सा मॅसिडोनचा राजा फिलिप याचा. "जर मी लाकोनियात (स्पार्टाच्या मुलखात) शिरलो, तर तुम्हाला हाकलून देईन." स्पार्टाचं उत्तर: "जर." झकासच आहे. पण पुढचं कुणी फॉरवर्ड करत नाही. इ.स.पू. 338 मध्ये केरोनियाची लढाई जिंकल्यावर फिलिप लाकोनियात शिरलाच. शिवारं उजाड केली, सीमेवरचा मुलूख स्पार्टाच्या शेजाऱ्यांना वाटून टाकला. शहर तेवढं घेतलं नाही.

मला ग्रीक इतिहासकार हेरोडोटसमधला सामोस बेटवाल्यांचा किस्सा जास्त आवडतो. हद्दपार झालेली ही मंडळी मदत मागायला स्पार्टात आली आणि लांबलचक भाषण ठोकलं. स्पार्टन म्हणाले, "सुरुवातीचं विसरलो, त्यामुळे शेवटचं कळलं नाही." दुसऱ्या खेपेला सामोसवाले रिकामं पोतं घेऊन आले. म्हणाले, "पोत्याला पीठ हवंय." त्यावर उत्तर मिळालं, "'पोत्याला' म्हणायची गरज नव्हती." पुणेरी पाटी लिहिणाऱ्यालाही हेवा वाटावा!

पण टोमणा मारून ते घरी गेले नाहीत. मदत द्यायचं ठरवलं, जहाजं काढली, सामोसला चाळीस दिवस वेढा घातला. जमलं नाही, परत आले. पोत्याचा विषय मात्र त्यांनी हसण्यावारी नेला नव्हता. (हे स्पार्टन काही संत नव्हेत, त्यांच्यासाठी शेतात राबणाऱ्या हेलोट वेठबिगारांची सुभाषितं कुणी जपून ठेवली नाहीत.)

दादाला एवढं सगळं टाइप करत बसलो नाही. फक्त विचारलं, "टँकर आले का?"

तासाभराने अंगठा आला.