खाडीचे पाणी, प्लायवूडचे टेबल आणि आठ दिवसांचा समुद्र

ठाणे आणि नवी मुंबईतल्या गृहसंकुलांच्या व्हॉट्सअॅप गटांवर गेले काही महिने एक संदेश पुढे पुढे पाठवला जात आहे. दोन फुटी काचेची टाकी, ऐरोली किंवा वाशीच्या खाडीचे चार कॅन पाणी (ते न मिळाल्यास नळाच्या पाण्यात खडेमीठ), किनाऱ्यावरून उचललेले दगड आणि प्रवाळ, घरात पडून असलेले प्लायवूडचे टेबल, एवढ्या सामग्रीवर आठ दिवसांत रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवण्याची खाऱ्या पाण्याची टाकी, तयार होतो, असे त्यात म्हटले आहे. टाकी लहान असल्यामुळे देखभाल जवळजवळ लागत नाही, पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा महागडा स्किमर घेण्याची गरज नाही आणि सगळा खर्च पाच हजारांत बसतो, असेही आश्वासन आहे.

संदेश संपूर्ण खोटा असता तर त्याच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. घरी लाकडी स्टँड बनवून त्यावर लहानसा रीफ टँक लावता येतो हे खरे आहे आणि आपल्या भागात तो लावणारी मंडळीही आहेत. मात्र जिथे हात आखडता घेण्याची सोय नाही, नेमके तिथेच हा संदेश पैसे आणि दिवस वाचवायला सांगतो, आणि त्याच्या मुळाशी 'लहान म्हणजे सोपे' ही समजूत आहे. म्हणून त्यातले दावे एकेक करून तपासणे आवश्यक वाटते.

सुरुवात खाडीच्या पाण्यापासून करू. खाडीवर हजारो फ्लेमिंगो येतात, म्हणजे पाणी जीवसृष्टीला पोषक असले पाहिजे, असा युक्तिवाद संदेशात आहे. ते पाणी पोषक आहे यात शंका नाही, परंतु अडचण तीच आहे. सांडपाण्याबरोबर येणाऱ्या नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या संयुगांमुळे खाडीच्या चिखलात शैवाल फोफावते, ते शैवाल आणि त्यातले बारीक जीव हे फ्लेमिंगोंचे अन्न असते. प्रवाळ मात्र अशा समुद्रात वाढतात जिथे पाणी स्वच्छ, पारदर्शक आणि पोषकद्रव्यांच्या बाबतीत जवळजवळ दरिद्री असते. खाडीचे पाणी टाकीत ओतले तर पहिल्या काही आठवड्यांत काचेवर आणि दगडांवर हिरवा-तपकिरी थर चढतो आणि प्रवाळ त्याखाली गुदमरतो. याशिवाय ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा या खाडीच्या काठावर आहे, भरती-ओहोटीच्या ओढीने पाणी कायम गढूळ असते, आणि पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा आल्यावर क्षारता इतकी घसरते की जूनमधले पाणी आणि जानेवारीतले पाणी एकच वस्तू मानता येत नाही. कायद्याच्या बाजूनेही खाडी ही कोणीही कॅन बुडवावा अशी जागा राहिलेली नाही. तिच्या मोठ्या भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेले.

नैसर्गिक समुद्राचे पाणी मुळातच अयोग्य असते, असा याचा अर्थ नाही. किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रातून आणलेले पाणी गाळून आणि निर्जंतुक करून मत्स्यबीज केंद्रांत वापरले जाते. आक्षेप आहे तो घरामागच्या खाडीला समुद्र समजण्यावर.

खडेमिठाचा पर्याय तर पिढ्यान्पिढ्या मीठ पिकवणाऱ्या आगरी घरांतल्या कोणत्याही जाणत्या माणसाने हसून सोडून दिला असता. मिठागरात पाणी आटू लागते तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियम कार्बोनेट बसते, मग जिप्सम, त्यानंतर आपले खाण्याचे मीठ, आणि मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहून जाते. मिठाची गोणी म्हणजे बहुतांशी सोडियम क्लोराइड, कारण मीठ पिकवण्याच्या पद्धतीतच बाकीचे क्षार वेगळे काढले जातात. प्रवाळाला आपला सांगाडा बांधण्यासाठी नेमके तेच वेगळे काढलेले क्षार लागतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते, त्यांचे प्रमाण ढळले की वाढ थांबते. म्हणून मत्स्यालयासाठी तयार केलेले सागरी मीठच घ्यावे लागते. ते लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने मिसळून पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास आली की नाही हे खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर पाहावे.

हे मीठ ज्या पाण्यात मिसळायचे त्याकडेही लक्ष द्यायला हवे. नवी मुंबईला मिळणारे मोरबे धरणाचे पाणी पिण्यासाठी उत्तम आहे, तरी त्यात क्लोरीन असते आणि उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळले गेले तर ते काचेच्या टाकीत पोहोचेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचा उपाय अनेकजण सुचवतात, पण त्यातल्या बहुतेक यंत्रांत चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बसवलेला असतो आणि तो थोडे न गाळलेले पाणी पुन्हा मिसळतो. तो बंद करून किंवा आरओनंतर उरलेले क्षार शोषून घेणारे डीआयचे वेगळे काडतूस लावून टीडीएस शून्याजवळ आणणे हा खरा मार्ग आहे.

आता टेबल. संदेशातला सर्वांत धोकादायक भाग हाच आहे, आणि आश्चर्य म्हणजे त्यावर सर्वांत कमी चर्चा झाली आहे. 'शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, एवढे तर कोणतेही टेबल पेलते' असे त्यात लिहिले आहे. ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी टाकी वरून थोडी रिकामी ठेवून भरली तर तिच्यात साधारण १०५ लिटर पाणी मावते. समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा जड असल्याने त्याचे वजन १०८ किलोच्या घरात जाते. ८ मिलिमीटर काच सुमारे २४ किलो भरते. दगड आणि वाळू मिळून २५ किलो धरा, खाली छोटा संप (पाणी गाळण्याची दुसरी टाकी) ठेवला तर त्याचे ३५, आणि स्टँडचे स्वतःचे २५ ते ३०. बेरीज सव्वादोनशे किलोच्या आसपास येते, म्हणजे तीन धडधाकट माणसे दोन फुटांच्या फळीवर वर्षानुवर्षे न हलता उभी राहिल्यासारखे.

हे वजन कशावरून जमिनीपर्यंत उतरते, हा स्टँडचा मुख्य प्रश्न आहे. टीव्ही युनिटमध्ये किंवा अभ्यासाच्या टेबलात वरची फळी बहुधा बाजूच्या फळ्यांना आतून स्क्रूने जोडलेली असते, त्यामुळे सगळा भार शेवटी स्क्रूंच्या दांड्यांवर येतो. टाकीच्या स्टँडमध्ये वरची चौकट पायांच्या माथ्यावर बसली पाहिजे, म्हणजे भार लाकडावरून लाकडावर, लाकडावरून जमिनीवर जाईल आणि स्क्रू व गोंद यांचे काम चौकट जागच्या जागी धरून ठेवण्यापुरते उरेल. सुताराला एवढे एक वाक्य नीट समजावले तर बाकीचे तो स्वतः जाणतो. आडव्या पट्ट्या दोन बाय चार इंचांच्या घेतल्या तर त्या उभ्या लावाव्यात. तीच पट्टी उभी लावल्यास आडवी लावण्यापेक्षा चौपट ताठ राहते, कारण ताठपणा उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. मागच्या बाजूला एक तिरपी पट्टी किंवा निदान अर्ध्या भागाला फळी हवी. ती नसली तर उभा भार उत्तम पेलणारा स्टँडही बाजूने धक्का लागताच कलंडू शकतो, आणि लहान मुले असलेल्या घरात तो धक्का कधीतरी लागणारच.

लाकडाबद्दलचा समज वेगळा आहे. 'मरीन प्लाय' घेतले म्हणजे समुद्राचे पाणी चालते, असे दुकानदारही सांगतात. भारतीय मानक ७१० चे हे प्लाय चांगले असते यात वाद नाही, पण त्याची ख्याती मुख्यतः थर जोडणाऱ्या गोंदाची आहे. कापलेल्या कडेतून पाणी आत शिरतेच. साधे कमर्शियल प्लाय फुगते आणि पार्टिकल बोर्ड तर ओल्या बिस्किटाच्या मार्गाने जातो. सनमायका पृष्ठभाग झाकतो आणि कडा उघड्याच ठेवतो, म्हणून बाहेरून चकचकीत दिसणारा स्टँड आतून कुजलेला निघतो. माझ्या मते सागवानाची किंवा चांगल्या पाइनची चौकट, त्यावर प्लाय केवळ आच्छादनापुरते, सर्व कडांना आणि स्क्रूच्या भोकांना इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन-तीन हात, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, अशी जुळणी सर्वांत भरवशाची ठरते. साध्या लोखंडी स्क्रूवर टाकीतून उडणारे खारे शिंतोडे पडले की तो गंजतो. त्यात खाडीकाठच्या हवेची भर पडते, हे नवी मुंबईत खिडकीच्या ग्रिलकडे पाहून कोणालाही कळेल.

स्टँड जागेवर ठेवल्यावर मिस्त्रींची लेव्हल ट्यूब लावून चारही कोपरे तपासावेत. टाकीच्या तळाची काच एका कोपऱ्यावर अधांतरी राहिली तर ताण तिथेच साठतो आणि सिलिकॉनचा सांधा उघडतो किंवा काच तडकते. खालच्या बाजूला प्लास्टिकची चौकट नसलेल्या टाकीखाली १० मिलिमीटरची फोमशीट बारीक उंचसखलपणा झाकते, पण वाकलेली फळी तिने सरळ होत नाही. संदेशाच्या विरोधात 'अशाने स्लॅब कोसळेल' असे लिहिणाऱ्यांनीही थोडे थांबावे. भारतीय मानक ८७५ नुसार राहत्या खोल्यांचा स्लॅब प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो भार सर्वत्र पसरलेला धरून आखला जातो. एका जागी आलेला भार आजूबाजूच्या स्लॅबवरही वाटला जातो, त्यामुळे सुस्थितीतल्या इमारतीत या आकाराची टाकी भिंतीलगत, तुळईजवळ ठेवली तर काळजीचे कारण नाही. महापालिकेने धोकादायक ठरवलेल्या जुन्या इमारतीत मात्र हा छंद करूच नये.

आठ दिवसांचा दावा थोडक्यात निकालात काढता येतो. मासे आणि कुजणारे अन्न यांतून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, तेही विषारीच, आणि दुसरा गट त्याचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करतो. हे जीवाणू दगडांच्या छिद्रांत पुरेसे वाढायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. चाचणी किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत त्या पाण्यात मासा सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे आहे. किनाऱ्यावरचे घट्ट काळे दगड या कामाचे नाहीत, कारण जीवाणूंना जागा देणारी सच्छिद्रता कोरड्या चुनखडीच्या रीफ रॉकमध्ये जितकी असते तितकी त्यांच्यात नसते.

लहान टाकीला देखभाल लागत नाही, हे विधान नेमके उलटे आहे. पाणी जितके कमी, तितका प्रत्येक बदल वेगवान. बाष्पीभवनाचे उदाहरण घ्या. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, म्हणून कमी झालेले पाणी गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरायचे असते. संदेश ते खाऱ्या पाण्याने भरायला सांगतो. शंभर लिटरच्या टाकीतून पंख्याखाली रोज दीड लिटर पाणी उडाले आणि तेवढेच खारे पाणी घातले, तर दहा दिवसांत अर्धा किलोहून जास्त मीठ वाढते आणि क्षारता लिटरला ३५ वरून ४० ग्रॅमवर जाते. तितक्यात बरेचसे प्रवाळ मिटून बसतात.

तापमानाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. रीफ टँकचे पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचे असते. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात दुपारचा पारा ३५ च्या पुढे जातो, बंद फ्लॅटमध्ये पंप आणि दिवे त्यात आपली उष्णता मिसळतात. पाणी काही दिवस सतत तापलेले राहिले तर प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी राहतो. पाण्यावर रोखलेला छोटा पंखा कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरवतो, पण पावसाळ्याच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंदावते आणि पंखा निरुपयोगी होतो. म्हणजे आपल्याकडे पाणी थंड करणारा चिलर टाळता येत नाही. तो घेतल्यावर पाच हजारांचा हिशेब तिथेच संपतो, आणि महिन्याचे वीजबिल वेगळे. चिलर स्टँडच्या बंद कपाटात कोंडू नये, कारण तो पाण्यातून काढलेली उष्णता त्याच कपाटात ओततो. स्टँडची मागची बाजू पूर्ण न झाकता अर्धी उघडी ठेवण्याचे हे कारण आहे. महावितरणचा दुरुस्तीसाठीचा शटडाऊन काही तास चालतो, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असावा.

स्किमरबाबत संदेश बरोबर आहे. मासे दोनच असतील आणि दर आठवड्याला दहा ते पंधरा टक्के पाणी बदलले जात असेल तर एवढ्या टाकीला स्किमर लागत नाही.

राहिला किनाऱ्यावरून प्रवाळ उचलण्याचा सल्ला. कठीण सांगाड्याचे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांचा समावेश २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला. समुद्रघोडेही तेव्हाच त्यात आले. असे प्रवाळ उचलणे, विकत घेणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे, तो मालवणला केला तरी आणि हाजी अलीच्या खडकांवर केला तरी. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात आलेल्या १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवण्यासाठी मुंबई महापालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती. घरगुती टाकीला तिची गरज नाही असे समजण्यास कोणताही आधार नाही. मशरूम आणि झोअँथस हे मऊ अंगाचे, प्रवाळांसारखे समुद्री जीव कठीण प्रवाळांच्या गटात मोडत नाहीत, शिवाय कमी प्रकाशात आणि किंचित चढउतारातही ते तग धरतात, त्यामुळे पहिल्या टाकीसाठी ते योग्य ठरतात. क्लाउनफिश घ्यायचा तर पैदास केलेलाच मागावा. ही पैदास आता भारतात होते, ऐरोलीच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्रातही झाली आहे, आणि असे मासे टाकीतल्या अन्नाला आधीच सरावलेले असतात. दुकानदाराकडून प्रत्येक जिवाच्या नावाची पावती घ्यावी, आणि ती द्यायला तो तयार नसेल तर त्या दुकानातून काहीही घेऊ नये.