कुंडीच्या भरवशावर खिडकी बंद करू नका

परवा रात्री धाकट्या बहिणीचा मेसेज आला. "ताई, हे वाच. आमच्या ऑफिसात अगदी हेच करून ठेवलंय." खाली तोच लांबलचक फॉरवर्ड होता, गेल्या महिन्याभरात मला चौथ्यांदा आलेला: 'निसर्गाच्या कुशीतलं आदर्श ऑफिस'. त्यातले दावे थोडक्यात असे. दर शंभर चौरस फुटांना एक झाड ठेवलं की हवा शुद्ध होते, व्हेंटिलेशनचा वेगळा खर्च नको, असं म्हणे नासाने सिद्ध केलंय. स्नेक प्लांट बंद खोलीतही रात्रभर ऑक्सिजन सोडतं. झाडांमुळे काम पंधरा टक्क्यांनी वाढतं. आणि खिडकी नसली तरी बिघडत नाही, भिंतभर जंगलाचा फोटो लावा, मनाला तेवढाच आराम मिळतो.

मी इमारतींमधल्या हवेचंच काम करते, एसी आणि व्हेंटिलेशनचं, म्हणजे बाहेरची ताजी हवा आत खेळवण्याचं. त्यामुळे पहिल्याच दाव्यावर माझं डोकं फिरलं. बाकीचे चुकले तर फार तर पैसे वाया जातील. हा मानला तर लोक दिवसभर कोंदट हवेत बसतील.

नासाचा प्रयोग झाला होता, हे खरं. नासाचे संशोधक बी. सी. वोल्व्हर्टन यांचा तो अहवाल १९८९ सालचा. पण तो नीट वाचायला नको? छोट्या हवाबंद पेट्यांमध्ये झाडं ठेवली, आत बेंझिन, फॉर्मल्डिहाइड, ट्रायक्लोरोएथिलीन या घातक रसायनांची वाफ सोडली आणि काही तासांनी ती किती उरली ते मोजलं. प्रश्न होता अंतराळातल्या बंदिस्त यानाचा. ऑफिसात फर्निचर, रंग, गालिचे रोज थोडी थोडी वाफ सोडतच राहतात. शिवाय साध्या इमारतीतसुद्धा फटींतून, दारांतून हवा बदलत असते, आणि तेवढ्यानेच कुंडीपेक्षा कितीतरी जास्त वाफ बाहेर जाते.

किती जास्त, याचा हिशेब २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकल वेअरिंग यांनी मांडला. आधीच्या बारा अभ्यासांतले १९६ प्रयोग त्यांनी एका मापात आणले. इमारतीत हवेची जी अदलाबदल एरवीही होत असते, तिच्या तोडीचं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. शंभर चौरस फूट म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. फॉरवर्डवाले जिथे एक कुंडी सांगतात, तिथे कमीत कमी नव्वद हव्यात. मग बसायचं कुठे?

आणि हे फक्त रसायनांच्या वाफेचं झालं. माणसांच्या श्वासाचं काय? बहीण सांगायची, दुपारच्या मीटिंगनंतर रोज डोकं जड होतं, जांभया थांबत नाहीत. मी तिला माझा कार्बन डायऑक्साइडचा मीटर दिला. मीटिंग रूममध्ये आठ माणसं, कोपऱ्यात पाच टवटवीत कुंड्या, दार बंद, स्प्लिट एसी चालू. सुरुवातीला मीटरवर ६४० पीपीएम होतं, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६४० भाग. पाऊण तासाने १९००. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण ४२० असतं. मीटर तिने मुद्दाम एका कुंडीला टेकवून ठेवला होता. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. हे अजून कितीतरी जणांना माहीत नसतं, आणि असले फॉरवर्ड त्याच अज्ञानावर चालतात.

स्नेक प्लांटचं दोन ओळींत संपवते. ते रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि साठवतं, एवढं बरोबर. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो, म्हणजे तो दिवसाच. स्वस्थ बसलेल्या माणसालाही तासाला पंधरा लिटरच्या आसपास ऑक्सिजन लागतो. चार पानांच्या कुंडीकडून ती अपेक्षा करू नये.

पंधरा टक्क्यांच्या दाव्यात मात्र तथ्य आहे, ते मान्य करायलाच हवं. २०१४ च्या एका संशोधनात उघड्याबोडक्या ऑफिसांत झाडं आणल्यावर लोकांना जागा जास्त आवडली आणि एका प्रयोगात कामही तेवढं वाढलं. पण तुलना होती अगदी ओक्याबोक्या जागेशी. शिवाय त्याच गटातल्या संशोधकांना त्याआधी असंही दिसलं होतं की आपली जागा आपल्याला हवी तशी मांडू दिली, तर माणसं सगळ्यात चांगलं काम करतात. ते वाक्य फॉरवर्डमध्ये येत नाही, कारण मग कर्मचाऱ्यांना विचारावं लागेल.

खिडकीऐवजी फोटो, या मुद्द्यासाठी फॉरवर्डवाले रॉजर उलरिच या संशोधकाचा दाखला देतात. १९८४ चा हा अभ्यास पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातला, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांचा. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा जरा लवकर घरी गेले, आणि त्यांना वेदनाशामकंही कमी लागली. म्हणजे तो अभ्यास खिडकीतून दिसणाऱ्या खऱ्या झाडांचा होता! त्यातून 'खिडकी नको' हा निष्कर्ष काढायचा?

मला झाडं आवडतात. माझ्या टेबलावर दोन आहेत, आणि त्यांच्याकडे बघून मला बरं वाटतं. तेवढ्यासाठीच ती ठेवावीत.

काल बहिणीने फोटो पाठवला. मीटिंग रूमला उघडता येईल अशी एकच खिडकी होती. तिच्यासमोरच आता कुंड्यांची हिरवी भिंत उभी केली आहे, छतापर्यंत, खिडकीची कडी फ्रेमच्या मागे अडकलेली. मी तिला म्हटलं, ऑफिसात बाकी काही बोलू नकोस, एवढंच विचार: या खोलीत बाहेरची हवा येते कुठून? सोमवारी ती विचारणार आहे, मीटरच्या आकड्यांचे फोटो सोबत घेऊन.