गाण्यांचा सिनेमा कोणालाच नको असतो म्हणे!

गेले पंधरा दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्या गावच्या ग्रुपवर तर तो तीनदा आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्हणणं असं की संगीतपट, म्हणजे ज्यात गोष्टच गाण्यांतून पुढे जाते असे सिनेमे, ऑस्करवाल्यांना कधी आवडत नाहीत, चुकून आवडलाच एखादा तर तो पब्लिक बघत नाही, हॉलिवूडवाले स्वतःच ट्रेलरमधून गाणी लपवतात, आपल्याकडे तर संगीतपट असा वेगळा प्रकारच नाही कारण सगळ्याच सिनेमात गाणी असतात, 'कट्यार काळजात घुसली' हा एक मटका लागला, आणि कोकणात वगैरे तर असल्या सिनेमाला कुत्रं फिरकत नाही.

माझे बाबा चाळीस वर्षं कोकणातल्या दशावतारी नाटकांत पेटी वाजवत होते, त्यामुळे ही शेवटची ओळ मला जास्त लागली हे आधीच सांगतो. पण उत्तर सगळ्याचंच देतो.

पहिलं, ऑस्कर. "कधीच" हा शब्द साफ चुकीचा आहे. १९६० च्या दशकात दहा वर्षांत चार वेळा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर संगीतपटाला गेलाय, १९६१ चा 'वेस्ट साइड स्टोरी' (त्याला एकूण दहा ऑस्कर), १९६४ चा 'माय फेअर लेडी', १९६५ चा 'साउंड ऑफ म्युझिक' आणि १९६८ चा 'ऑलिव्हर'. त्याच्या आधी 'अॅन अमेरिकन इन पॅरिस' आणि 'जीजी' आहेतच. मग मात्र डायरेक्ट २००२ चा 'शिकागो', मध्ये चौतीस वर्षं गेली, आणि 'शिकागो'नंतर परत दुष्काळ. फॉरवर्डवाल्याने बहुतेक हा दुष्काळ तेवढा बघितला. पण तो पडला का ते बघा ना. साठच्या दशकाच्या शेवटी स्टुडिओंनी 'साउंड ऑफ म्युझिक'चं यश बघून अफाट खर्चाचे संगीतपट काढले, 'डॉक्टर डूलिटल', 'स्टार', 'हॅलो डॉली', आणि त्यात ते चांगलेच बुडाले, मग त्यांनी हात आखडता घेतला. सिनेमेच कमी निघायला लागले तर जिंकणार कुठून? आणि जे निघाले ते रिकाम्या हाताने परत गेले असंही नाही, १९७२ च्या 'कॅबरे'ने आठ ऑस्कर घेतले, फक्त त्याच वर्षी समोर 'गॉडफादर' होता म्हणून मोठा हुकला. १९९१ मध्ये पहिल्यांदा एका अॅनिमेशनपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालं तो 'ब्यूटी अँड द बीस्ट', तोही संगीतपटच.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळी मेख तिच्यात आहे. २००९ च्या सिनेमांपासून ऑस्करच्या मुख्य पुरस्काराचं मतदान पसंतीक्रमाने होतं. विधान परिषदेच्या आपल्या कोकण पदवीधर मतदारसंघात आपण १, २, ३ असे आकडे लिहितो ना, तसंच. कोणालाच निम्म्याहून जास्त पहिली पसंती नसेल तर सगळ्यात खालचा बाद, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती इतरांना, आणि असं करत करत एक जण पन्नास टक्क्यांच्या वर जाईपर्यंत. पदवीधरची निवडणूक बघितलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, अशा पद्धतीत ज्याच्यावर थोडे लोक जीव टाकतात आणि बाकीचे नाकं मुरडतात तो अडकतो, आणि जो सगळ्यांना दुसरा-तिसरा चालतो तो निघून जातो. संगीतपटाचं अगदी हेच आहे, ज्याला आवडतो त्याला वेड्यासारखा आवडतो, आणि ज्याला माणूस रस्त्यात मध्येच गायला लागलेला सहन होत नाही तो त्याला तळाला टाकतो. 'ला ला लँड' आठवा. चौदा नामांकनं, सहा पुरस्कार, त्यात दिग्दर्शन आणि नायिका दोन्ही, म्हणजे जिथे ज्याला जास्त मतं तो जिंकला असं साधं गणित आहे तिथे तो पुढे, आणि जिथे पसंतीक्रम आहे त्या मुख्य पुरस्कारात मात्र 'मूनलाइट'. लोकांना पाकिटाचा गोंधळ, म्हणजे चुकीच्या पाकिटामुळे आधी 'ला ला लँड'चंच नाव पुकारलं गेलं ते, तेवढा लक्षात राहिला. मला तरी यात संगीतपटाबद्दलचा राग दिसत नाही, मोजायच्या पद्धतीचा परिणाम दिसतो.

म्हणजे मतदार संगीतपटाला देतात, पण तुकड्या-तुकड्याने देतात. २०२४ च्या 'विकेड'ला दहा नामांकनं होती, मिळाले दोन, वेशभूषा आणि कलादिग्दर्शन. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांतही हेच चाललंय, तिथे तर हजारो मतदार नाहीत, थोड्या माणसांची ज्युरी बसून सिनेमे बघून ठरवते. २०११ च्या 'बालगंधर्व'साठी आनंद भाटे, २०१५ च्या 'कट्यार'साठी महेश काळे, २०२० च्या पुरस्कारांत 'मी वसंतराव'साठी (थेटरात तो २०२२ ला आला) राहुल देशपांडे. दहा वर्षांत तीन वेळा देशातला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायक मराठी संगीतपटातून आला! आणि तिन्ही वेळा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट कोणता ठरला? 'शाळा', 'रिंगण', 'गोष्ट एका पैठणीची'. चांगलेच सिनेमे आहेत ते, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गाणं उत्तम आणि सिनेमा दुसऱ्या रांगेत, ही वाटणी मला पटत नाही, कारण त्या सिनेमातून गाणं काढलं तर उरतं काय? या एका बाबतीत फॉरवर्डवाल्याची तक्रार आणि माझी जवळपास एक आहे. फक्त तो म्हणतो ज्युरीला संगीतपट नकोय, आणि मी म्हणतो हवाय, पण अख्खा उचलायला ती कचरते. तशी ती आधी नेहमी कचरायची असंही नाही बरं, 'पिंजरा' आणि 'जैत रे जैत' हे दोन्ही आपापल्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारात मराठीतले सर्वोत्कृष्ट ठरलेत, आणि 'जैत रे जैत' तर आपल्या रायगडकडच्या ठाकरांची गोष्ट, ना. धों. महानोर आणि हृदयनाथ मंगेशकरांनी जवळजवळ गाण्यातच सांगितलेली.

दुसरं, ज्युरीला आवडलेलं पब्लिक बघत नाही म्हणे. 'साउंड ऑफ म्युझिक'ने कमाईत 'गॉन विथ द विंड'चा तोपर्यंतचा विक्रम मोडला होता. 'शिकागो' जगभरात ३० कोटी डॉलर, 'ला ला लँड' ४० कोटींच्या वर. आणि आपला 'संत तुकाराम', १९३६ चा, प्रभातचा, अभंगांवर उभा असलेला सिनेमा, तो इकडे मुंबईत एका थेटरात वर्षभराहून जास्त चालला आणि तिकडे १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात नावाजला गेला. एकाच सिनेमाला वारकरी पण आणि परदेशी ज्युरी पण, अजून काय पाहिजे?

पडलेले आहेतच की. २०१९ चा 'कॅट्स' पडला, २०२१ चा नवीन 'वेस्ट साइड स्टोरी' स्पीलबर्गने करूनही लोक गेले नाहीत (नामांकनं मात्र सात होती), 'एमिलिया पेरेझ'ला तेरा नामांकनं आणि प्रेक्षकांच्या शिव्या. उलटं पण होतं, 'मामा मिया'ने ६० कोटी डॉलरच्या वर कमावले आणि ऑस्करचं एक नामांकन नाही. पण मारामारीचे सिनेमे काय कमी पडतात? तिथे कोणी म्हणत नाही की लोकांना मारामारी नको झालीय.

ह्याच्यात खरी गंमत आहे ती संगीतपटाचं पब्लिक येतं कसं याची. २०१७ चा 'ग्रेटेस्ट शोमॅन' बघा, अमेरिकेत पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी ९० लाख डॉलरसुद्धा झाले नाहीत, सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली. पुढच्या आठवड्यात कमी व्हायच्या ऐवजी कमाई वाढली, आणि वाढत वाढत अमेरिकेतच १७ कोटींच्या पुढे गेली. का, तर लोक गाणी घेऊन घरी गेले, ती मोबाइलवर वाजली, पोरांनी ऐकली, आणि घरातले बाकीचे बघायला निघाले. संगीतपट तोंडातोंडी चढतो. 'कट्यार'चं काय वेगळं झालं? दिवाळीत, १२ नोव्हेंबर २०१५ ला, सलमानचा मोठा हिंदी सिनेमा आणि 'मुंबई-पुणे-मुंबई'चा दुसरा भाग, दोन्ही त्याच दिवशी समोर, आणि तरी तो टिकला. मटका एका दिवसाचा असतो, आठवडे-आठवडे कोणाचा मटका लागत नाही.

ट्रेलरमधून गाणी लपवतात हे मात्र खरं आहे. 'वाँका', 'मीन गर्ल्स', दोघांनी लपवली. पण त्याचा अर्थ मार्केटिंगवाले घाबरलेत एवढाच. आत जाऊन कळलं की हे गातायत, म्हणून लोक उठून गेले का? 'वाँका' ६० कोटी डॉलरच्या वर गेला. आणि 'विकेड'मध्ये गाणी आहेत हे तर शेंबड्या पोरालाही माहीत होतं, तो ७० कोटींच्या वर.

मग "आपले सगळेच सिनेमे गाण्यांचे" हा मुद्दा. ह्याला माझ्याकडे बाबांचंच उत्तर आहे. 'कट्यार' बघायला त्यांना कुडाळच्या पुढे सव्वा तास गाडीने घेऊन गेलो होतो. थेटरात त्यांनी बऱ्याच वर्षांत पाय ठेवला नव्हता. सुरुवातीला ते पडदा कमी आणि एसीची थंडी जास्त बघत होते, शाल गुंडाळून. मग पंडितजी आणि खाँसाहेब या सिनेमातल्या दोन गवयांचा सामना सुरू झाला, आणि मी सहज खाली बघितलं तर त्यांची उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर चालायला लागलेली, आणि डावा हात मांडीवर भाता मारतोय. तान वर गेली की बोटं उजवीकडे सरकत होती, आणि एका जागी अडली, परत मागे येऊन त्यांनी ती जागा घेतली, तोपर्यंत पडद्यावर गाणं पुढे गेलेलं. शेजारची बाई बघतेय याचं त्यांना भान नव्हतं. इंटरव्हलला मी विचारलं, गाणी कशी वाटली? तर म्हणाले, "गाणी खंय रे? ती तर लढाई आसा."

हाच फरक आहे. एका सिनेमात गाणं लागलं की माणूस पॉपकॉर्न आणायला जातो, परत आला तरी गोष्ट तिथेच उभी असते. संगीतपटात तुम्ही बाहेर गेलात की लढाई चुकली. दशावतारात पेटी, पखवाज आणि झांज थांबली तर राजा दरबारात येऊ शकत नाही, राक्षस रणात उतरू शकत नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या आजीला पण कळते, तिला संगीतपट म्हणजे काय हे शिकवायला लागत नाही. आणि सिनेमाच्या आधीपासून हे आपलं आहे, पहिला मराठी बोलपट १९३२ चा 'अयोध्येचा राजा', त्यात हरिश्चंद्र कोण, तर गोविंदराव टेंबे, पेटीवाले! संगीतही त्यांचंच. बाबा हे नाव घेताना अजून कानाच्या पाळीला हात लावतात. 'कट्यार'च्या मूळ नाटकाचं संगीत करणारे जितेंद्र अभिषेकीबुवा पण इथलेच, गोव्याच्या मंगेशीचे.

आणि म्हणून कोकणात कोणी फिरकत नाही हे वाचलं की डोकं फिरतं. डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, बुवा एकमेकांना गाण्यातून उत्तरं देतात, माणसं पहाटे चारपर्यंत हलत नाहीत. रत्नागिरीला सावरकर नाट्यगृहात संगीत नाटकांची राज्य स्पर्धा होते, तिथे गावागावांतून लोक गाड्या करून जातात. ही सगळी माणसं सिनेमालाच तेवढी का येत नाहीत? कारण सिनेमाच त्यांच्यापर्यंत येत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये 'मी वसंतराव'ला बाबांना घेऊन गेलो, एकच शो, दुपारी पावणेबाराचा, कामाच्या दिवशी. तिकीटबारीवर आम्ही तिघं आणि एक मास्तर, चौघंच. बारीवरचा पोरगा म्हणाला दहा माणसं झाली तर शो लावणार, नाहीतर कॅन्सल. अर्धा तास बाकड्यावर बसलो. दहा माणसं काही भरली नाहीत. बाबा काही बोलले नाहीत, शाल घडी करून पिशवीत ठेवली आणि चला म्हणाले. त्या शोचा आकडा कुठेतरी शून्य म्हणून लागला असणार, आणि असल्या शून्यांवरूनच कोणीतरी लिहितो की कोकणात प्रेक्षक नाही. संध्याकाळी सातचा एक शो लावून बघितला होता का कोणी?

म्हणून ग्रुपवर ज्या दादांनी हे टाकलं त्यांना एवढंच सांगतो, पुढचा संगीतपट लागला की आधी कळवा. दहा माणसं लागतात. आमच्या घरची चार धरा, मास्तरांशी मी बोललोय, ते आणि वहिनी नक्की. चार माणसं तुम्ही बघा, गाडीचं मी बघतो.