वेंगुर्ल्यात कुणी येत नव्हतं म्हणे!

सकाळी सकाळी डोकं फिरलं. कुणीतरी कौतुकाने एक रील पाठवली. वेंगुर्ल्याचा किनारा, वरून ड्रोन, मागे कसलंसं संगीत आणि खाली लिहिलंय, ‘इथे आजवर कुणी पोहोचलंच नाही.’

अरे बाबा, कुणी पोहोचलं नाही? सतराव्या शतकात डच इथे वखार घालून बसले होते. त्या वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत, छप्पर गेलंय, आत झाडं माजलीयत. 1812 साली इंग्रजांनी सावंतवाडी संस्थानाकडून हे बंदर पदरात पाडून घेतलं, ते काय पोहायला? बेळगावकडचा माल आंबोलीचा घाट उतरून बैलगाड्यांनी इथे यायचा आणि इथून पुढे समुद्रमार्गे जायचा. या गावात मुंबईची बोट यायची. शेफर्ड कंपनीची बोट म्हणायची माणसं तिला. पुढे रोहिणी, चंपावती, मग कोकण सेवक, कोकण शक्ती. घराघरांत ही नावं माहीत होती.

माझी आजी त्या बोटीने आली. पन्नासच्या दशकातली गोष्ट. भाऊच्या धक्क्यावर चढली, डेकवर पथारी टाकून रात्र काढली, कडेवर सहा महिन्यांची माझी आत्या. वेंगुर्ल्याला मोठी बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं न्यायला किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे लहान होड्या, जायचे. लाटेसरशी पडाव वर आला की उतरायचं, खाली गेला की थांबायचं. आजी कठड्याशी थिजून उभी. खालून एका खलाशाने हात वर केले आणि म्हणाला, ‘बाये, पोर माका दी आधी. मगे तू ये.’ आणि तिने दिलं. ओळख ना पाळख, मधे समुद्र, आणि पोटचं पोर त्या माणसाच्या हातात दिलं. त्याचं नाव तिला शेवटपर्यंत कळलं नाही. हात मात्र आठवायचे, चुन्याने फुटलेले, असं सांगायची.

आता मला सांगा, जिथे हे रोज घडत होतं ते गाव ‘अनटच्ड’?

बंदर मेलं कसं, हेही ऐका. पहिला घाव जुना आहे. 1888 ला गोव्यातल्या मुरगाव बंदरातून घाटावर रेल्वे गेली आणि बेळगावकडचा माल तिकडे वळला. माल गेला तरी माणसं होती. पुढे रस्ते झाले, एसटी आली, आणि ऐंशीच्या दशकात बोटी बंद पडल्या. वेंगुर्ल्याला पुन्हा कधी लागल्याच नाहीत. मग 1998 ला कोकण रेल्वे आली. ती कुडाळवरून, सावंतवाडीवरून गेली, बंदराकडे फिरकली नाही. 2021 ला चिपीला विमानतळही झाला. रस्ता, रेल्वे, विमान, सगळं आलं. जो रस्ता आयता होता, ज्याला डांबर लागत नाही की रूळ लागत नाहीत, तोच तेवढा सोडून दिला.

हो, मला माहीत आहे. पावसाळ्यात बोट बंद असायची, लोक वांत्या करून बेजार व्हायचे. 1947 ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, शेकडो माणसं गेली. रेल्वेने चाकरमान्यांचं भलं केलं, तेही मान्य. पण म्हणून समुद्राकडे कायमची पाठच फिरवायची?

2018 ला मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ बोट सुरू झाली तेव्हा मी वेड्यासारखा खूश झालो होतो. नाव बघा, आंग्रे! ज्यांनी हा किनारा राखला त्यांचं नाव. आणि बोट कोकणातलं एकेक बंदर ओलांडून प्रवासी थेट गोव्यात उतरवायची. आम्ही किनाऱ्यावरून दिवे बघायचे. पुढे ती बंद पडली तरी माझा राग गेलेला नाही.

दिलीप दोंदे आठवतात ना? नौदलातला आपला मराठी माणूस. 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटा जगाला प्रदक्षिणा घालून आला, असं करणारा पहिला भारतीय. नौका बांधली शेजारच्या गोव्यात. वाटेत तो फॉकलंडमधल्या पोर्ट स्टॅन्लीला थांबला. ते गाव आपल्या वेंगुर्ल्यापेक्षाही लहान, पण दर्यावर्दी माणूस तिथे थांबतो, पाणी भरतो, चार दिवस दुरुस्ती करतो, बाजारात पैसे खर्च करतो. शिडाच्या नौकेतून देशोदेशी हिंडणारी माणसं जगभर आहेत. त्यांना मोठं काही लागत नाही. नांगराला आडोसा, उतरायला बरा धक्का, गोडं पाणी, डिझेल, आणि कागदावर शिक्का मारायला शहाणा माणूस. मुंबईहून गोव्याला जाणारी अशी नौका आपल्या समोरून जाते. रात्री निवती रॉकच्या दीपगृहाचा दिवा बघते आणि पुढे निघून जाते. दिवा आपला, थांबा गोव्याचा!

एका कार्यालयात मी हे बोललो होतो. साहेब म्हणाले, ‘आता बोटीने कोण येणार?’ त्यांना काय सांगू? माझी आजी सांगू? गाबीत मच्छीमारांच्या वस्तीतल्या ज्या पोरांच्या आजोबा-पणजोबांनी पडाव हाकले, ती आज मुंबईत सिक्युरिटीची नोकरी करतात, गोव्यात दुसऱ्याच्या बोटीवर पर्यटकांना लाइफ जॅकेट घालतात. हात तेच आहेत हो. धरायला काही ठेवलं नाही आपण.

हे लिहिताना राग जरा उतरला. आत्या आता सत्तरीच्या आहेत. मघाशी फोन केला तर म्हणाल्या, ‘मला काय आठवतंय रे, पण आई दर नारळी पौर्णिमेला एक नारळ जास्त द्यायची समुद्राला. त्या खलाशाच्या नावाचा.’ हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

निवडणुका आल्या की दारात येतीलच. रस्ता विचारा, नळ विचारा, गटारंही विचारा. पण मुंबईची बोट वेंगुर्ल्याला कधी लागणार, हे माझ्याबरोबर तुम्हीही विचारा. आणि ‘बघू’ म्हणाला तर तारीख मागा.