हिटलर फक्त थंडीमुळे हरला? नाही

माझ्या भाच्याने काल एक फॉरवर्ड पाठवला. मजकूर असा: 1941 साली हिटलरने रशियावर हल्ला केला, स्टॅलिनला पत्ताच नव्हता, जर्मन फौज मॉस्कोपर्यंत बिनविरोध गेली, पण थंडीने घात केला. आणि शेवटी, 'असा नेता आपल्याला हवा.' भाचा दहावीत आहे आणि त्याला हे पटलंय, म्हणून लिहितेय.

स्टॅलिनला पत्ता नव्हता, हे चूक. टोकियोतला त्याचाच हेर झोर्गे कळवत होता, चर्चिलनेही सावध केलं होतं. त्याने मानलं नाही. सीमेवरचे सैनिक मात्र 22 जूनच्या पहाटे खरंच बेसावध सापडले, तेवढं मान्य.

बिनविरोध? जर्मन सेनेच्या जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डर याची डायरी वाचा. 11 ऑगस्टला तो लिहितो, शत्रूच्या 200 डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) असतील असं धरलं होतं, आत्ताच 360 मोजून झाल्या. ऑगस्ट महिना! तेव्हा बर्फ कुठे होता? एकट्या स्मोलेन्स्कभोवती दोन महिने लढाई चालली.

थंडी भयंकर होती, हे नाकारत नाही. वंगण गोठलं, इंजिनं सुरू होईनात. पण हिवाळ्याआधी सगळं आटोपेल या गुर्मीत गरम कपड्यांची पुरेशी सोयच केली नव्हती. डिसेंबरात हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला जर्मन जनतेकडे लोकरीचे कपडे मागावे लागले. आणि थंडी काय एकाच बाजूला होती? 5-6 डिसेंबरला सोव्हिएत फौजांनी त्याच थंडीत उलट हल्ला चढवला.

आता ते शेवटचं वाक्य. त्यानेच माझं डोकं फिरलंय. या नेत्याच्या फौजेने लेनिनग्राडला वेढा घातला, तो शहर उपाशी मारायलाच. त्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिथल्या मुलांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळायचा, तोही सरकीची पेंड आणि लाकडाचा लगदा घातलेला. पकडलेले सोव्हिएत सैनिक तारेच्या कुंपणात, उघड्यावर, जवळजवळ अन्नाविना ठेवले. फेब्रुवारी 1942 पर्यंत त्यातले सुमारे 20 लाख मेले. थंडीने माणसं मारली ती इथे, आणि त्यांना थंडीत ठेवणारे जर्मन अधिकारी होते.

'असा नेता हवा' म्हणणाऱ्याने हे 20 लाख कुठल्या हिशेबात धरले, ते आधी सांगावं.