बोहोची माती जखमेवर लावण्यासाठी नाही

मधुमेहामुळे माझ्या मामींच्या पायाची जखम चिघळली आहे. परवा त्यांनी डब्लिनला असलेल्या मुलाकडे तिकडची चिमूटभर माती मागितली, म्हणून गेले काही दिवस फिरणाऱ्या त्या संदेशाला उत्तर देणे मला भाग आहे. उत्तर आयर्लंडमधील बोहो गावच्या चर्चच्या आवारातील माती जखमेवर लावल्यास औषधांना न जुमानणारे जंतू मरतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, औषध कंपन्या ते दडवतात आणि तिकडच्या पवित्र दगडांच्या खळग्यांतील पाण्याने चामखीळ जाते, असे तो संदेश सांगतो.

यात अर्धे सत्य आहे, हे मान्य केले पाहिजे. ‘फ्रंटियर्स इन मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार, या मातीतून वेगळ्या केलेल्या स्ट्रेप्टोमायसिस गटातील एका जीवाणूने एमआरएसए या अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूसह काही चिवट रोगजंतूंची वाढ रोखली. मात्र ती प्रयोगशाळेत रोखली गेली, कोणा रुग्णाच्या जखमेत नव्हे. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविकही 1943 साली मातीतल्याच जीवाणूपासून मिळाले, पण क्षयरोग्यांपर्यंत पोहोचले ते शुद्ध करून, मात्रा ठरवून आणि इंजेक्शनातून. कच्च्या मातीत त्या एका उपकारक जीवाणूसोबत इतर असंख्य जंतू असतात आणि धनुर्वाताचे बीजाणूही असू शकतात. ज्या पायाला संवेदना नाही आणि रक्तपुरवठाही अपुरा आहे, त्याच्या उघड्या जखमेत माती भरणे म्हणजे पाय कापण्याची वेळ ओढवून घेणे होय.

संदेश लिहिणाऱ्याने मूळ प्रथाही जाणून घेतलेली नाही. 1815 साली वारलेले तिथले धर्मगुरू जेम्स मॅकगर यांनी आपल्या कबरीवरील मातीत रोग बरे करण्याचे सामर्थ्य राहील असे सांगितले होते, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्यानुसार ती थोडीशी माती कापडात बांधून उशीखाली ठेवतात आणि नंतर जागेवर परत नेतात. जखमेत ती कोणी भरत नाही.

दडवण्याचा आरोप निराधार आहे, कारण तो निबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतो. दगडांविषयी बोलायचे तर, बुलॉन म्हणवल्या जाणाऱ्या त्या दगडांच्या पाण्याचा उपाय 1937 ते 1939 या काळात आयरिश शाळकरी मुलांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहून ठेवलेल्या लोककथासंग्रहात सापडतो, आणि लोकस्मृती म्हणून तो संग्रह अनमोल आहे. परंतु बहुतेक चामखिळी काही महिन्यांत किंवा एकदोन वर्षांत आपोआप जातात, त्याचे श्रेय पाण्याला मिळते.

मामेभावाने माती पाठवू नये. त्याऐवजी धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले, हे आईला विचारावे आणि तिला याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवावे.