फ्रेंच कोट इतका उजळ का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

वॉटर्लूच्या लढाईतल्या फ्रेंच लाइन इन्फन्ट्रीचे (नेहमीच्या पायदळाचे) छोटे सैनिक-पुतळे कसे रंगवायचे, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. खरा कोट जवळजवळ काळा दिसायचा, मग पुतळ्यांवर एवढा निळा कशासाठी? पट्ट्यांच्या कडेच्या काळ्या रेघांनी सैनिक व्यंगचित्रातले वाटतात. आणि वॉश (चुण्यांत साचून सावली देणारा पातळ गडद रंग) मारणं ही निव्वळ पळवाट आहे. शिवाय बंदुकीवरचं पितळ कुठे गेलं, असंही विचारलंत. पहिल्या मुद्द्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण खरी गोम तिथेच आहे.

कापडाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. निळीत रंगवलेली नवी लोकर गडद, काळपटच दिसते. पण तोच रंग २८ मिमीच्या फिगरवर (पुतळ्यावर) लावला की खेळाच्या टेबलावर नुसता काळा ठिपका उरतो. म्हणून रंग उजळ घ्यावा लागतो; पण ‘अंतरामुळे रंग फिके दिसतात’ हे त्याचं ठरलेलं स्पष्टीकरण मला पटत नाही. ही फिगर खऱ्या माणसाच्या साधारण एक साठांश असते. म्हणजे ती एक मीटरवरून पाहणं म्हणजे माणूस ६० मीटरवरून पाहणं. तेवढ्यात हवा रंगाचं काही बिघडवत नाही. भानगड आहे ती उजेडाची. भर उन्हात एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असतो, घरातल्या दिव्याखाली जेमतेम दोन-तीनशे. त्यात ऊन एका बाजूने येतं आणि प्रत्येक चुणीची सावली पाडतं. खोलीतला उजेड भिंतींवरून, छतावरून परतून सगळीकडून येतो. अर्ध्या मिलिमीटरच्या चुणीत सावली दिसेल अशी पडतच नाही, ती ब्रशनेच आणावी लागते. आणि सावली उठून दिसायची तर बाकीचा कोट तिच्याहून उजळ हवाच.

म्हणून तीन छटा. काळ्या प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या अस्तराच्या थरावर) आधी व्हॅलेहो मॉडेल कलर या रंगमालेतला डार्क प्रशियन ब्लू (क्रमांक ७०.८९९), सगळ्या कोटावर. मग तोच रंग आणि प्रशियन ब्लू (७०.९६५) निम्मे-निम्मे, चुण्यांचे तळ सोडून. शेवटी नुसता प्रशियन ब्लू, त्यात फिक्या करड्याचा एखादा थेंब, आणि तोही फक्त कडांना. नेम धरून उभी असलेली फिगर घ्या. तिच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन चुण्या एकत्र येतात, तिथे पहिली छटाच राहू द्या; कोपराचं टोक, खांद्याचा माथा आणि कफची वरची कड एवढ्यावरच तिसरी. उजळवायला पांढरा घालू नका. निळा लगेच दुधाळ होतो, खडू फासल्यासारखा दिसतो, आणि मग वर कितीही वॉश मारा, सुधारत नाही.

या तीनही छटा जवळून पाहिल्या तर भडक वाटतातच. फोटो फिगरच्या दुप्पट-तिप्पट आकारात आणि पांढऱ्या दिव्याखाली असतो, त्यावरून निवाडा करू नका. ज्या दिव्याखाली खेळणार त्याच्याखाली, हातभर अंतरावर सहा-आठ फिगर एका बेसवर उभ्या करून बघा.

काळ्या रेघांचं म्हणाल तर त्या ‘काढलेल्या’ नाहीत, सोडलेल्या आहेत. पट्टा आणि कोट यांच्यामध्ये प्रायमर केसभर उघडा ठेवायचा. रंगवून झाल्यावर वरून रेघ ओढायला गेलं की ती कुठे जाड, कुठे तुटकी होते. व्यंगचित्र होतं ते त्यामुळे. चेहरा, हात आणि लाल कॉलर यांच्याशेजारी मात्र काळा टोचतो, तिथे गडद तपकिरी हवा. क्रॉसबेल्टवर (छातीवरच्या तिरक्या पट्ट्यांवर) थेट पांढरा लावू नका. काळ्यावर तो चार हात मागतो आणि दाणेदार होतो. आधी फिका करडा, दोन पातळ हात. मग मधोमध पांढऱ्याची एकच बारीक पट्टी.

वॉशला पळवाट म्हणा हवं तर. दोनशे फिगरांची फौज उभी करायची तर ती वाट चांगली आहे. फक्त वॉशने सगळंच एक छटा गडद होतं, त्यामुळे खालचा रंग तेवढा उजळ ठेवावा लागतो. नुसत्या पाण्याने पातळ केलेला वॉश वाळताना कडेने वर्तुळं सोडतो, पांढऱ्या पट्ट्यांवर ती फार दिसतात. पाण्याऐवजी मॅट मीडियम (रंग पातळ करायचं, चकाकी नसलेलं बिनरंगी माध्यम) घाला आणि साचलेला थेंब ओलसर ब्रशने लगेच उचला. त्यावर मॅट वॉर्निशचा स्प्रे दमट हवेत मारलात तर पांढुरकी झाक येते. पूर्ण वाळल्यावर ग्लॉस वॉर्निशचा एक हात दिला की ती बहुतेक वेळा जाते, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.

आता पितळ. १७७७ च्या नमुन्याची फ्रेंच लाइन मस्केट घेतली तर नळीवरचे पट्टे आणि दस्त्याची पट्टी लोखंडाची, म्हणून तिथे गनमेटल (गडद पोलादी रंग). पितळी पट्टे इम्पीरियल गार्डच्या (नेपोलियनच्या खास तुकड्यांच्या) बंदुकांवर. ब्राउन बेस या ब्रिटिश मस्केटवर मात्र पितळ भरपूर: दस्त्याची पट्टी, ट्रिगर गार्ड, बार ठासायच्या गजाच्या नळ्या. एकाच टेबलावर दोन्ही फौजा असतील तर दुरूनही हा फरक डोळ्यांत भरतो. त्यामुळे फ्रेंच फ्युझिलियरला (लाइनमधल्या साध्या शिपायाला) पितळ लावायचंच असेल तर ते कोटाच्या बटणांवर आणि शाकोच्या (उंच टोपीच्या) पत्र्यावर लावा.